स्पॅनिश शिकून पोरगी काय करणार?

झरीहून एका भगिनीचे चार पानी पत्र आले आहे. झरी म्हणजे परभणी–जिंतूर रस्त्यावरची. घरात पिढीजात पिंजाऱ्याचे काम, गाद्या, उशा आणि रजया भरून देण्याचे दुकान. पत्रातला मुख्य भाग त्यांच्याच शब्दांत देते.

“आपा, अस्सलामु अलैकुम. माझी मोठी मुलगी यंदा मराठी माध्यमातून बारावी आर्ट्स चांगल्या मार्कांनी पास झाली. आता म्हणते बी.ए. करायचं, पण स्पॅनिश भाषेत. हैदराबादला, नाहीतर दिल्लीला. त्याची परीक्षासुद्धा देऊन बसली आहे. दीड वर्ष झालं, फोनवर काहीबाही पुटपुटत असते, आम्हाला वाटलं टाइमपास चाललाय. तिचे बडे अब्बा म्हणतात, डी.एड. कर, डी.फार्म. कर, स्पॅनिश शिकून काय करणार, झरीत कोण बोलतं? तिचे अब्बा एक दिवस म्हणाले, स्पेन तर आपल्याच लोकांचं होतं, जाऊ द्या तिला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, पण पोटाचं काय? त्यात एक स्थळ आलं आहे, माणसं चांगली आहेत. मी कुणाचं ऐकू?”

भगिनी, वालेकुम अस्सलाम. तुमचे पत्र दोनदा वाचले. त्यात बडे अब्बा बोलतात, अब्बा बोलतात, तुम्ही बोलता. जिला शिकायचे आहे, तिचे एक वाक्यही पत्रात नाही. पत्राखाली नंबर होता, म्हणून फोन केला आणि तुमच्या परवानगीने मुलीशी अर्धा तास बोलले. स्पॅनिशच का, असे विचारले. ती म्हणाली, “आपा, कापसाला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात ते आलं, तेव्हा मला वाटलं मी चुकून अरबी उघडलं.”

तो शब्द आहे ‘अल्गोदोन’. अरबीत कापूस म्हणजे ‘कुत्न’ आणि ‘अल’ लावून ‘अल-कुत्न’. इंग्रजीतले ‘कॉटन’ही त्याच कुत्नपासून आले. उशीला स्पॅनिशमध्ये ‘अल्मोआदा’ म्हणतात. अरबीत ‘मिखद्दा’, म्हणजे जिच्यावर ‘खद्द’, गाल टेकवतात ती. ज्या दुकानात बसून ही मुलगी फोनवर शब्द पाठ करत होती, त्या दुकानातला कच्चा माल आणि तयार माल, दोन्हींची स्पॅनिश नावे अरबीतून आलेली आहेत. मोंढ्यात कापूस ज्या मापाने विकला जातो तो ‘क्विंटल’ही अरबी ‘किंतार’मधून युरोपात गेला आणि तिथून फिरून आपल्याकडे आला.

इ.स. ७११ ते १४९२ अशी जवळपास आठ शतके स्पेनच्या मोठ्या किंवा लहान भागावर मुस्लिम राजवटी होत्या. त्या काळात शेती, बांधकाम, बाजार आणि कारभार यांतले शेकडो शब्द स्पॅनिशमध्ये आले आणि तिथेच राहिले. पाटाच्या पाण्याला ‘आसेकिया’, रहाटाला ‘नोरिया’, गवंड्याला ‘अल्बान्यिल’. नगराध्यक्षाला आजही ‘अल्काल्दे’ म्हणतात, तो आपला ‘अल-काजी’. कस्टम्सच्या कचेरीला ‘अदुआना’, ते आपले ‘दिवाण’. नाव घ्यायचे नसेल तेव्हा आपण ‘फलाणा’ म्हणतो, ते ‘फुलानो’ म्हणतात.

काही शब्दांचा प्रवास तर आपल्या मुलखातूनच सुरू झाला. संस्कृत ‘शर्करा’ची फारसी-अरबीत ‘शकर’, ‘सुक्कर’ झाली आणि स्पेनमध्ये ‘आसुकार’. आपल्याकडे तीच साखर. ‘नारंग’चे तिकडे ‘नारांखा’ झाले. ‘चतुरंग’चे ‘शतरंज’ आणि शतरंजचे ‘आखेद्रेस’ झाले. पंचतंत्राच्या गोष्टी फारसीतून अरबीत ‘कलीला व दिमना’ नावाने गेल्या आणि तिथून १२५१ मध्ये स्पॅनिशमध्ये उतरल्या. तेव्हा झरीत स्पॅनिश कोण बोलतं, या बडे अब्बांच्या प्रश्नाचे सरळ उत्तर ‘कुणीच नाही’ असले, तरी ती भाषा अगदीच परकी नाही, एवढे त्यांना सांगायला हरकत नाही.

मराठी माध्यमाची भीती

तुम्ही पुढे लिहिता, “इंग्रजी यथातथाच आहे, तिथे टिकेल का?” हा प्रश्न जास्त खरा आहे. पहिल्या वर्षी इंग्रजी लागते. व्याकरणाची पुस्तके, सूचना, बाकीचे विषय इंग्रजीत असतात. ते तिला मेहनतीने सुधारावे लागेल आणि पहिले सहा महिने जड जातील. पण खुद्द स्पॅनिश शिकताना मराठीचा तिला फार उपयोग होईल.

कसा, ते पाहा. आपण म्हणतो ‘मला चहा आवडतो’. इंग्रजीत ‘मी चहा आवडते’ अशा वळणाने बोलावे लागते. स्पॅनिशमध्ये ‘मे गुस्ता एल ते’, म्हणजे ‘मला आवडतो चहा’. चहा एक असेल तर ‘गुस्ता’, वस्तू अनेक असतील तर ‘गुस्तान’, जसे आपले ‘आवडतो’ आणि ‘आवडतात’. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना हे आठवडाभर समजावून द्यावे लागते.

दुसरे उदाहरण. आपण ‘मी घर पाहते’ म्हणतो, पण ‘मी मुलीला पाहते’. माणूस आला की ‘ला’ लागतो. स्पॅनिशमध्येही घरासाठी ‘वेओ ला कासा’ आणि मुलीसाठी ‘वेओ आ ला निन्या’. तो मधला ‘आ’ म्हणजे आपला ‘ला’च समजा. क्रियापदावरूनच कोण बोलते ते कळते, म्हणून ‘मी’, ‘तू’ गाळले तरी चालते, आपल्यासारखेच. लहानांना ‘तू’, मोठ्यांना आदराचे वेगळे सर्वनाम. वस्तूंना लिंग आहे, पण आपल्याकडे तीन, त्यांच्याकडे दोनच. त्यांचा त आणि द आपल्यासारखाच दाताला जीभ लावून म्हणायचा असतो. आणि स्पेलिंग पाठ करावे लागत नाही, जवळजवळ लिहिले तसे वाचायचे.

अवघडही पुष्कळ आहे. आपल्या एका ‘आहे’साठी त्यांची दोन क्रियापदे आहेत, एक कायमच्या ओळखीसाठी आणि एक स्थितीसाठी. भूतकाळाचे दोन प्रकार आहेत. इच्छा, शंका, दुआ यांसाठी क्रियापदाचे रूपच बदलते. याच रूपाबरोबर येणारा एक शब्द तुमच्या मुलीला माहीत होता, ‘ओहाला’. ‘असे होवो’ या अर्थाने स्पेनपासून अर्जेंटिनापर्यंत सगळे तो रोज वापरतात. त्याचे मूळ अंदलुसी अरबीत आहे, अर्थ ‘अल्लाहने चाहिले तर’. मात्र आज तो उच्चारणाऱ्या बहुतेकांच्या मनात त्याचे मूळ नसते.

‘आपलं’ स्पेन

मुलीच्या अब्बांनी जे म्हटले, ते अनेक घरांत म्हटले जाते. अल्लामा इक्बाल १९३३ मध्ये स्पेनला गेले होते. कुर्तुब्याच्या मशिदीवरची त्यांची नज्म आपल्यातल्या अनेकांनी वाचली किंवा ऐकली असेल. अलहम्राचे चित्र कित्येकांच्या दिवाणखान्यात असते. ही ओढ समजण्यासारखी आहे. पण एवढ्याच कारणाने मुलीला पाठवू नका, असे मी त्यांना आदराने सांगेन. विद्यापीठात गेल्यावर तिला जे स्पेन भेटेल, ते चित्रातल्यापेक्षा बरेच गुंतागुंतीचे असेल.

तिला मोरिस्कोंचा इतिहास वाचावा लागेल. २ जानेवारी १४९२ ला ग्रॅनडा पडले. पुढे तिथल्या मुस्लिमांना सक्तीने ख्रिस्ती करण्यात आले, त्यांना मोरिस्को म्हणत. १६०९ ते १६१४ या काळात सुमारे तीन लाख मोरिस्को देशाबाहेर काढले गेले. ही हकीकत आपल्याला थोडीफार माहीत असते. एक बाजू मात्र क्वचित सांगितली जाते. त्यांतले पुष्कळ लोक अरबी विसरले होते. घरात, शेतात, बाजारात ते शेजाऱ्यांची स्पॅनिशच बोलत. म्हणून नमाजची, रोज्याची, पैगंबरांच्या कथांची पुस्तके त्यांनी स्पॅनिशमध्ये लिहिली, फक्त अक्षरे अरबी. या लेखनाला ‘अल्हामियादो’ म्हणतात. १८८४ मध्ये सारागोसाजवळच्या अल्मोनासिद नावाच्या गावात एका जुन्या घराच्या खोट्या तक्तपोशीखाली अशा हस्तलिखितांचा मोठा साठा सापडला. तो लपवणारे लोक जाऊन पावणेतीनशे वर्षे होत आली होती.

मराठीत दीनची पुस्तके वाचणाऱ्या, मराठीत हे मासिक घेणाऱ्या घरांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. ते अरबीतून बोलले नाहीत म्हणून कमी मुसलमान नव्हते, आणि स्पॅनिश ही त्यांच्यावर लादलेली उसनी भाषा नव्हती. ती त्यांच्या आईची भाषा होती. तेव्हा स्पेन ‘आपलं’ होतं म्हणून स्पॅनिश शिकायची, हा हिशेब बरोबर नाही. जो बोलतो त्याची भाषा. आज ती सुमारे पन्नास कोटी लोकांची मातृभाषा आणि वीस देशांची राजभाषा आहे. त्यांतले बहुसंख्य लोक अटलांटिकच्या पलीकडे राहतात, अलहम्राशी त्यांचा काही संबंध नाही.

स्पॅनिशमधला सगळ्यात गाजलेला ग्रंथ ‘डॉन किहोते’. त्याचा पहिला भाग १६०५ मध्ये निघाला. लेखक सर्व्हांतेस पाच वर्षे अल्जीयर्समध्ये कैदेत होता. तो गमतीने सांगतो की, ही कथा माझी नाहीच, तोलेदोच्या बाजारात अरबी वह्या सापडल्या, सीदी हामेत बेनेंगेली नावाच्या इतिहासकाराच्या. बाजारातच एक मोरिस्को गाठला आणि मनुके व गहू मेहनताना देऊन त्याच्याकडून त्या उतरवून घेतल्या. पुढे सांचो हा भोळा नोकर ‘बेनेंगेली’ऐवजी ‘बेरेनखेना’ म्हणतो, म्हणजे सीदी हामेत वांगे! हाच सर्व्हांतेस मध्येच अरबांना खोटारडेही म्हणून घेतो. प्रेम, टिंगल, राग सगळे एकाच पुस्तकात. तुमच्या मुलीला हे शांतपणे वाचता आले पाहिजे. तीन वर्षांच्या अभ्यासाचा मोठा भाग हाच आहे: दुसऱ्याचे म्हणणे त्याच्या भाषेत, पूर्ण ऐकणे.

वर्ध्याचा माणूस मेक्सिकोत

‘आपल्याकडचं कुणी असं केलंय का?’ असेही तुम्ही विचारले आहे. झरीतले कुणी मला माहीत नाही. पण वर्ध्याचा एक माणूस माहीत आहे. पांडुरंग सदाशिव खानखोजे, जन्म १८८४. इंग्रजांविरुद्धच्या गदर चळवळीतले क्रांतिकारक. मायदेशी परतणे शक्य नव्हते. १९२४ च्या सुमारास ते मेक्सिकोला पोहोचले. शेतीशास्त्र शिकलेले होते, म्हणून चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले. मक्याच्या वाणांवर त्यांनी संशोधन केले, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. हे सगळे अर्थातच स्पॅनिशमध्ये. मेक्सिकोतल्या शेतकऱ्याला बियाणे समजावून सांगायचे तर दुसरा मार्ग नव्हता. प्रसिद्ध चित्रकार दिएगो रिव्हेराने मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयातल्या भित्तिचित्रात त्यांना रंगवले आहे. देश स्वतंत्र झाल्यावर ते परतले आणि १९६७ मध्ये नागपुरात वारले. २०२२ मध्ये चापिंगोत त्यांचा पुतळा बसवला गेला.

परभणीत कृषी विद्यापीठ आहे, त्यामुळे या माणसाची किंमत आपल्याला चटकन कळावी. कापूस, मका, दुष्काळ, कर्ज हे तिकडच्या शेतकऱ्याचेही विषय आहेत. साहित्याचे पहिले नोबेल लॅटिन अमेरिकेला १९४५ मध्ये मिळाले, ते चिलीच्या गाब्रिएला मिस्त्राल यांना. त्या डोंगरातल्या गावात वाढलेल्या शाळामास्तरीण होत्या. तुमच्या मुलीला त्यांच्या कविता मूळ भाषेत वाचायला मिळतील.

कुठे, कसे, आणि पुढे काय

आता कामाचे. दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, जामिया मिल्लिया इस्लामिया आणि दिल्ली विद्यापीठ, तसेच हैदराबादला इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटी (एफ्लू), येथे स्पॅनिशची पदवी करता येते. सुरुवात मुळाक्षरांपासून होते, आधी स्पॅनिश यावी लागत नाही. केंद्रीय विद्यापीठांतल्या पदवी प्रवेशासाठी २०२२ पासून सीयूईटी ही सामाईक परीक्षा सुरू झाली. ती देता येणाऱ्या तेरा भाषांत मराठी आणि उर्दूही आहेत. तिचे अर्ज बारावीचा निकाल लागण्याच्या कितीतरी आधी निघतात. इथेच आपल्या भागातली मुले मागे राहतात, कारण निकालानंतर चौकशी सुरू करतात. तुमची मुलगी वेळेत परीक्षा देऊन बसली, यावरूनच तिची तयारी दिसते. आता ज्या विद्यापीठांत जायचे, त्यांची वेगळी नोंदणी राहिली असेल तर ती तारीख आजच पाहा.

या विद्यापीठांत शिकवणीचा खर्च खासगी कॉलेजांच्या मानाने फार कमी असतो. खरा खर्च राहण्याचा, खाण्याचा आणि प्रवासाचा. वसतिगृह मिळेलच असे गृहीत धरू नका, मुलींच्या वसतिगृहाची यादी कधी लागते ते आधी विचारा. परभणीहून देवगिरी एक्सप्रेसने सिकंदराबादला जाता येते. दिल्लीला सचखंड एक्सप्रेस थेट आहे, पण प्रवास लांबचा. पहिल्यांदाच घर सोडणाऱ्या मुलीसाठी मी हैदराबाद आधी लिहीन. भाषा दखनीच्या जवळची, खाणे ओळखीचे, आणि अब्बांना महिन्या-दोन महिन्यांनी जाऊन येता येईल. एवढ्या लांब जमतच नसेल, तर परभणीतच साधे बी.ए. करून पुढे पुण्यात अर्धवेळ प्रमाणपत्र, पदविका असे टप्पे घेता येतात. वेळ जास्त लागतो, पण तोही मार्ग आहे.

आणि पोटाचं काय? खोटी आशा दाखवत नाही. झरीत किंवा परभणीत स्पॅनिशवर नोकरी नाही. काम आहे ते पुणे, हैदराबाद, बंगळूर, दिल्लीकडे. परदेशी ग्राहकांचे काम पाहणाऱ्या कंपन्यांत, निर्यातीच्या कचेऱ्यांत, पर्यटनात, शाळांत, अनुवादात. वाळूजला ज्यांचा कारखाना आहे त्या बजाजच्या मोटारसायकली कोलंबियात रस्तोरस्ती दिसतात. आपल्या कंपन्यांची औषधे मेक्सिको, पेरू, चिलीला जातात. तिथल्या लोकांशी बोलायला माणसे लागतात. साधा अनुवाद आता यंत्र करते, त्यामुळे कच्ची भाषा येणाऱ्याला पूर्वीइतकी किंमत राहिलेली नाही. पक्की येणाऱ्याला आहे. म्हणून पदवीबरोबर तिने ‘देले’ ही परीक्षा द्यावी. स्पेन सरकारच्या वतीने सर्व्हांतेस इन्स्टिट्यूट ती घेते, तिचे केंद्र नवी दिल्लीत आहे. सहा पातळ्या आहेत, पदवी संपेपर्यंत चौथी गाठली तर प्रमाणपत्र जगात कुठेही दाखवता येते आणि त्याची मुदत संपत नाही. जोडीला संगणक, हिशेब किंवा अध्यापनाचे एखादे हुनर असू द्या. बडे अब्बांचा डी.एड.चा सल्ला अगदीच टाकाऊ नाही, शिकवण्याचे अंग असेल तर पदवीनंतरही त्या वाटेला जाता येते.

स्थळाबद्दल एकच सांगते. माणसे चांगली आहेत म्हणता, तर त्यांना सरळ विचारा, मुलीला तीन वर्षे शिकायचे आहे, थांबाल का? हे विचारल्यावर त्यांचा चांगुलपणा तुम्हाला आणखी कळेल. ते थांबले तर उत्तमच. आणि आधी मुलीला विचारा, त्या घरात जायला ती राजी आहे का.

फोन ठेवण्याआधी मी तिला विचारले, हे सगळे अब्बांना सांगितलेस का? म्हणाली, “अब्बा दुकानात असतात, आणि मला वाटतं ते हसतील.” भगिनी, आज इशाच्या नमाजनंतर तिला आणि तिच्या अब्बांना समोरासमोर बसवा. तुम्ही मध्ये बोलू नका. दुकानातल्या वस्तूंची नावे तिला स्पॅनिशमध्ये सांगू द्या, मग अब्बांना त्यांचे प्रश्न विचारू द्या. खर्चाचा कागद तिलाच मांडायला सांगा. एवढे जिला मांडता येईल, ती टिकेल असे समजा. जिला येणार नाही तिला अजून वर्ष द्या, काही बिघडत नाही.

आणि काय ठरले ते मला कळवा. वसतिगृहाचा अर्ज भरताना अडले, तर याच पत्त्यावर लिहा.